हनुमंताच्या गाईचं दुखणं

"माझं दुखणं गावात कुणाला कळायचं न्हाई!" अशी हनुमंतानं आरशापुढं छाती ठोकली होती. छाती कसली, फासळ्याच! आतड्यांचं जुनं दुखणं. आत जखमा आणि शौचातून रक्त. सरकारी दवाखान्यातल्या सौदामिनी मॅडमनी बजावलं होतं, "हे मुळातून जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतं. दर शुक्रवारी फोन करा. रक्त वाढलं तर त्याच दिवशी कळवा."

आता पाली गावात त्याच्या आळीला मोबाईलची रेंज कुठली! ती फक्त देवळाच्या पारावर, आणि पारावर म्हातारा गेनबा मंडळी जमवून सकाळपासून ठाण मांडून बसलेला. गावाची जीभ काय सांगावी! भिमाला एकदा लग्नात जुलाब झाले होते. नातवंडं झाली तरी बिचाऱ्याला 'डबडं' म्हणतात.

म्हणून हनुमंतानं शक्कल काढली आणि पारावरनं फोन लावला. "मॅडम, गाईला पाच येळा झालं. रगत हाय थोडं."

"अहो, मी माणसांची डॉक्टर!"

"व्हय, म्हनूनच तुमाला सांगतोय. हनुमंत बोलतोय मी."

मॅडम काय ते समजल्या.

झालं! हे ऐकून गेनबानं गाईसाठी कुड्याच्या सालीचा जुलाबावरचा काढा आणला. शेजारच्या ज्ञानूनं गुरांचा डॉक्टर आणला. त्यानं धडधाकट गाईला सुई टोचली आणि लाथ खाल्ली. आयाबाया गोठ्यात येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "मुकं जनावर, सांगनार कुनाला!" म्हणून डोळे पुसायच्या. हनुमंत तिथंच खांबाला टेकून उभा असायचा, दिवसेंदिवस वाळत चाललेला. त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. लई वाईट वाटायचं हो त्याला! त्याच्या बायकोला, रत्नाला वाटे, गाईच्या काळजीनंच धन्याचं जेवण तुटलंय.

मग एका सकाळी तो भिंती धरत कसाबसा पारावर पोचला. "मॅडम, गाय... निस्तं रगत जातंय. तापबी हाय."

"हनुमंतराव, लपवाछपवी बास! जिवावर बेतेल. गाडी करा आणि आत्ताच्या आत्ता भोरला भरती व्हा!"

"भोरला... गाडी लागंल," एवढंच तो पुटपुटला आणि मटकन खाली बसला.

"आरं, गाय चालली!" गेनबा ओरडला. अख्खं गाव धावलं! टेम्पो पाराशी आला, गोठ्यातनं गाय आणली, फळी लागली, चौघांनी मागनं रेटलं आणि गाय चढवली. इंजिन धडधडायला लागलं. रत्नाही पदर खोचून पळत आली.

टेम्पो निघाला की सगळं संपलं! हनुमंत उठायला गेला, उठवेना. मग उरलंसुरलं बळ एकवटून ओरडला, "गाय चांगली हाय! रगत मला जातंय! मला न्या!"

कुणीच हसलं नाही. गेनबा पुढं झाला, त्यानं हनुमंताच्या काखेत हात घातला. "आरं लेकरा, आमी काय वैरी हाय व्हय तुझं?"

गाय उतरवायला गेले, तर ती उतरायचं नाव घेईना. वेळ होता कुणाला? तिच्याच शेजारी गोणपाटावर हनुमंताला निजवलं. रत्नानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. टेम्पो हलला.

"अवं, गाईची समद्यांनी विचारपूस केली," ती रडत म्हणाली, "तुमची म्याबी न्हाई केली."

"म्याच न्हाई बोललो गं," तो म्हणाला. त्याचा हात बर्फासारखा गार पडला होता. ती जिवाच्या आकांतानं केबिनची पत्र्याची भिंत बडवायला लागली, "दादा, जोरात घ्या! जोरात!"

इंजिनाच्या धडधडीत टेम्पोवाल्याला पारावरचं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "वैनी, काळजी नगं! गाईला हिसका बसू नये म्हणून लई हळू चालवतोय!"