गुलाबी हिरडीची रायफल

साहेब, तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. तुमच्याच टेबलावर, तुमच्याच चहाच्या कपाशेजारी आडवी पडलेली रायफल ‘हरवली आहे’ असं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत, खाली सही ठोकलीत, वर शिक्का मारलात आणि तो नीट उमटला नाही म्हणून पुन्हा एकदा मारलात. तुमची बाजू सांभाळायला अख्खं परवाना कार्यालय आहे. कवळीवाल्याची बाजू कोण सांगणार? म्हणून ही हकिगत, आणि ती पहिल्यापासून.

कवळीवाला म्हणजे कवळ्या बनवणारा. दातांच्या डॉक्टरांनी पेशंटच्या जबड्याचा साचा घ्यायचा आणि ह्याने घराच्या मागच्या खोलीत बसून गुलाबी मसाल्याच्या हिरड्या ओतायच्या, त्यात दात रोवायचे. कवळी तोंडात बसली तर डॉक्टरांचा हात चांगला, नाही बसली तर कवळीवाल्याने घाण केली. आठवडाभर हे ऐकायचं आणि रविवारी त्याच डॉक्टरांच्या शेजारी पालथं पडून नेम धरायचा, कारण दोघंही एकाच नेमबाजी क्लबचे मेंबर.

डॉक्टरांची रायफल परदेशी. ती मखमलीच्या पेटीत झोपायची. क्लबच्या भिंतीवर दरवर्षीच्या विजेत्याचा फोटो लागायचा आणि तो दरवर्षी डॉक्टरांचाच असायचा. डावीकडून उजवीकडे बघत गेलं की डॉक्टरांचे केस कसे गेले ते क्रमाने कळायचं. त्या रांगेत एकदा, फक्त एकदा, आपला फोटो लागावा, एवढंच कवळीवाल्याला आयुष्याकडून हवं होतं. बाकी सगळं मागून झालं होतं आणि मिळालं नव्हतं.

त्याची स्वतःची रायफल बंदुकांच्या दुकानात कोपऱ्यात धूळ खात पडलेली होती, तिथून आणलेली. कडेवर ठोका बसला की पेटणारी छोटी काडतुसं उडवणारी, सरावाला बरी अशी. दुकानदार प्रामाणिक निघाला. “ह्या किमतीत फक्त नळी मिळते,” तो म्हणाला. “नेम तुमचा तुम्ही बघून घ्या.”

कवळीवाल्याने बघून घ्यायला सुरुवात केली. आधी तिला कुठली गोळी मानवते ते शोधलं. लाल डबीतली दिली की ती रुसायची, हिरव्या डबीतली दिली की वेड लागल्यासारखी चहूकडे मारायची, निळ्या डबीतली मात्र बिनतक्रार गिळायची. मग चाप. तो इतका जड होता, की ओढून होईपर्यंत माणसाचं मत बदलावं. कवळ्यांना चकाकी आणायची पावडर लावून त्याने चापाच्या आतल्या कडा घासल्या. चाप लोण्यासारखा झाला. तरीही पाच गोळ्यांतल्या दोन कुठेतरी भटकायला जायच्याच.

“ती तुमच्यावर गेली आहे,” बायको म्हणाली. “सांगितलेल्या जागी पोचायचं म्हणून नाही.”

बायको त्या रायफलीला ‘सवत’ म्हणायची. पण दर शनिवारी तिच्यावरची धूळ पुसायचीही तीच.

एका संध्याकाळी रायफल हातात धरून कवळीवाला हलवत बसला होता. हलवताना नळी लाकडी दस्त्यात किंचित खुळखुळली. तो ताडकन उठला. आयुष्यभर ज्या एकाच रोगावर इलाज केला तोच रोग इतके दिवस घरात होता!

“अगं, ही ढिली कवळी आहे!”

“कोण, मी?”

“रायफल गं! दस्ता म्हणजे जबडा आणि नळी म्हणजे कवळी. बसतच नाहीये नीट. आतून अस्तर भरलं की हलायची बंद.”

बायकोने त्याच्याकडे बघितलं, मग रायफलीकडे बघितलं, आणि स्वयंपाकघरातली जुनी वाटी लपवायला ती निघेपर्यंत तिच्यात गुलाबी मसाला कालवून झालाही होता.

ह्या मसाल्याची एक खोड आहे. ज्याला चिकटू द्यायचा नाही त्याला आधी लेप लावावा लागतो, नाहीतर तो जन्मभराचा चिकटतो. कवळीवाल्याने असा लेप हजारो वेळा लावलेला. पण ऐन वेळी फोन वाजला. पलीकडे डॉक्टर.

“काय हो कवळीवाले, आजींची कवळी बोलताना टाळ्या वाजवते! माझी अब्रू घालवता काय?”

“डॉक्टर, मसाला सुकतोय...”

“इथे पेशंट सुकतेय! ऐकून घ्या आधी.”

डॉक्टरांनी ऐकवलं. ऐकवून दमले तेव्हा वाटीतल्या मसाल्याची कणीक झाली होती. कवळीवाल्याने घाईघाईने ती दस्त्यात थापली, वर नळी दाबली, स्क्रू आवळले आणि कपाळाचा घाम पुसला. लेपाची बाटली जागच्या जागी उभी होती. पांढरा साचा समोर असता तर हात आपोआप तिच्याकडे गेला असता. काळं लोखंड बघून हात विसरले.

सकाळी नळी हलेना. स्क्रू फिरेनात. लाकूड, लोखंड आणि कवळीवाल्याची अक्कल, तिन्ही एकजीव झाली होती. आणि दस्त्याच्या काठावरून, नळीच्या दोन्ही बाजूंनी, एक नाजूक, ओलसर दिसणारी गुलाबी हिरडी बाहेर आली होती.

“आता दात लावा,” बायको म्हणाली. “म्हणजे चावेल तरी.”

तोंड पाडून तो रविवारी क्लबात गेला. पालथा पडला, पाच गोळ्या झाडल्या. शेजारून डॉक्टरांनी दुर्बिणीतून कागद पाहिला.

“अरेरे. एकच लागली. चार बाहेर.”

कागद जवळ आणला. मधोमध एकच भोक, पण जरा फाटल्यासारखं, मोठं. डॉक्टरांनी त्यात करंगळी घालून पाहिली. मग चष्मा काढून भोक निरखलं.

“पाचही त्याच भोकातून गेल्यात, डॉक्टर,” कवळीवाला हळूच म्हणाला. त्याचा आवाज देवळात निघावा तसा निघाला.

डॉक्टरांनी मखमलीची पेटी बंद केली आणि घरी गेले. चुकून झालेलं ते काम कवळीवाल्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं, आणि वार्षिक सामना पुढच्याच रविवारी होता.

स्वतःची रायफल घेऊन सामन्यात उतरायला वर्षाच्या तपासणीचा शिक्का लागतो. म्हणून सोमवारी तो परवाना कार्यालयात गेला. आणि इथे साहेब, तुमचा प्रवेश होतो.

साहेबांनी परवाना पाहिला, रायफल पाहिली, गुलाबी हिरडी पाहिली. “हे काय आहे?”

“अस्तर आहे साहेब.”

“बरं. नंबर दाखवा.”

कवळीवाल्याने रायफल उलटी करून पाहिली. ज्या कंपनीने ही रायफल बनवली तिने नंबर नळीच्या पोटाखाली कोरला होता. दरवर्षी दोन स्क्रू काढायचे, नळी उचलायची, नंबर दाखवायचा. आता तो नंबर गुलाबी मसाल्याखाली कायमचा गाडला गेला होता.

“नंबर आहे साहेब. आत आहे.”

“आत म्हणजे?”

“हिरडीखाली.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, परवान्यावर एक नंबर आहे. ह्या रायफलीवर तो दिसत नाही. म्हणजे परवान्यावरची रायफल ही नव्हे. बरोबर?”

“पण साहेब...”

“बरोबर की चूक?”

“दिसत नाही हे बरोबर.”

“झालं तर. मग परवान्यावरची रायफल कुठे आहे?”

“ही काय!”

“ही ती नाही हे आत्ताच तुम्ही कबूल केलंत. म्हणजे ती तुमच्याकडे नाही. म्हणजे ती हरवली.” आणि साहेबांनी तसं लिहिलं. मग त्यांनी टेबलावरच्या रायफलीकडे मान वळवली. “आता ही कोणाची?”

“माझी!”

“तुमची तर हरवलीय.”

“साहेब, मी करवत आणतो. दस्त्याला खालून छोटीशी खिडकी पाडतो. नंबर दिसेल.”

साहेब दचकले. “दुसऱ्याच्या रायफलीला करवत लावणार तुम्ही? मालकाच्या परवानगीशिवाय?”

“मालक मीच आहे हो!”

“तसं सिद्ध करा. नंबर दाखवा.”

कवळीवाला ह्या वाटोळ्या रस्त्यावरून तीनदा फिरला आणि तिन्ही वेळा त्याच टेबलापाशी येऊन पोचला. रायफल ‘बेवारस’ म्हणून कार्यालयात जमा झाली.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. ती आत शिरली तीच पदर खोचून.

“साहेब, ही आमचीच आहे. इतकी वर्षं धूळ पुसतेय मी हिची. सवत ओळखता येत नाही होय मला?”

“बाई, नंबर...”

“माणूस हरवला तर चेहऱ्यावरून शोधता ना तुम्ही? का पोटाखाली आकडा बघता?”

शेजारच्या टेबलावरचा कारकून फिसकन हसला आणि साहेबांनी बघताच खोकू लागला. साहेबांनी लिहून घेतलं, ‘पत्नीने सदर वस्तू सवत असल्याचा दावा केला. नात्याचा पुरावा जोडलेला नाही.’

मग साहेबांनी सहज म्हणून रायफल उचलली. खांद्याला लावली. भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम माणुसकी आली. “हलकी आहे हो. मारते कशी?”

इथे कवळीवाल्याने माती खाल्ली. रायफलीबद्दल त्याला आजवर कोणी प्रेमाने विचारलंच नव्हतं. तो खुर्ची ओढून बसला. लाल डबी का नको, निळीच का, चाप कुठवर दाबून थांबायचं, श्वास कधी सोडायचा, गाल दस्त्यावर नेमका कुठे टेकवायचा, सगळं हातवारे करून सांगितलं. साहेब मान डोलवत होते. एकदोन गोष्टी त्यांनी पुन्हा विचारून घेतल्या.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “नवरदेवाला मुलीच्या आवडीनिवडी सांगाव्यात तसं सांगत होतात.”

“चांगला माणूस वाटला गं. सोडेल बघ रविवारपर्यंत.”

रविवार आला, रायफल आली नाही. म्हणजे तिच्या मालकाकडे आली नाही. कवळीवाल्याला क्लबची सार्वजनिक रायफल मिळाली. तिच्या नळीतून सूर्य दिसला तरी तो वाकडा दिसला असता. तरी तो पालथा पडला. डॉक्टर शेजारीच होते, आज पुन्हा खुशीत. पलीकडे पाहुण्या संघाची, म्हणजे परवाना कार्यालयाची जागा होती. दरवर्षी ते यायचे, गोळ्या झाडायचे, नाश्ता करून जायचे.

पहिल्या फैरीनंतर कवळीवाल्याने मान वळवली. साहेब पालथे पडले होते. गाल अगदी नेमक्या जागी टेकलेला. कोपराजवळ निळी डबी. आणि नळीच्या दोन्ही बाजूंनी उन्हात चमकणारी गुलाबी हिरडी.

“साहेब!” तो ओरडला, तर “शांतता!” म्हणून पंचांनी त्यालाच दटावलं.

निकाल लागला. साहेब पहिले. एका गुणाने डॉक्टर दुसरे. खालून तिसरा कवळीवाला.

तो धावतच गेला. “साहेब! ही माझी रायफल!”

“तुमची हरवलीय,” साहेब शांतपणे म्हणाले. “नोंद आहे. ही बेवारस म्हणून आली, कार्यालयजमा झाली. हा बघा कार्यालयाचा नंबर.” दस्त्यावर पांढऱ्या रंगात, आंधळ्यालाही दिसावा असा, ताजा नंबर घातलेला होता. मग त्यांनी कवळीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमचे गुण पाहिले मी. वाईट वाटलं. एक सल्ला देऊ का? स्वस्तातल्याच्या नादी लागू नका. नेमबाजीत रायफल चांगली लागते.”

मागे डॉक्टर पुटपुटत उभे होते. “कुठली कंपनी हो ही? गुलाबी अस्तर... परदेशीच असणार.”

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “कोण जिंकलं?”

“सवत.”

तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं, त्याच जुन्या वाटीसकट. वाटीच्या काठावर अजून थोडं गुलाबी होतं. “आणि डॉक्टर?”

“हरले.”

“मग जेवा की पोटभर,” ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तो जेवला.

ही गोष्ट इथेच संपली असती. माणसं ह्याहून मोठे अन्याय ताकासारखे पिऊन झोपतात. पण साहेब, तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. काल कवळीवाल्याच्या दारात तुमची नोटीस आली. ‘परवान्यावरील रायफल आपल्या निष्काळजीपणामुळे हरवली असून तिचा शोध घेण्याचा आपण कोणताही प्रयत्न केल्याचे दिसत नाही. सबब आपला परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा करावा.’

त्याने शोध घेतला आहे, साहेब. रायफल सापडली आहे. क्लबच्या भिंतीवर, डॉक्टरांच्या टकलांच्या रांगेत शेवटचा फोटो बघा. तिथे ती तुमच्या हातात आहे, आणि हिरडी दाखवून हसते आहे. तुम्हीही हसताय. आता तुम्हीच सांगा, आणि तोंडी नको, लेखी सांगा, सही आणि नीट उमटलेल्या शिक्क्यासह. हरवलेल्या रायफलीने बक्षीस घेतलं कसं? आणि खुलासा कोणी करायचा, ज्याची हरवली त्याने, की ज्याच्या हातात आहे त्याने?