डाव्या वळणावरचा आवाज

माझे कान तिखट आहेत. ही बढाई नाही, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. दूध उतू जायचा नुसता विचार करतं, तेव्हाच मी गॅस बंद केलेला असतो. आमचं पिल्लू, म्हणजे वर्षाचा झालेला मुलगा, झोपेत कूस बदलणार असेल तर पलीकडच्या खोलीत मी आधीच उठून बसलेली असते. तेव्हा नव्या गाडीच्या मागून "ईईई" असा बारीक आवाज येतो, असं मी म्हटल्यावर घरच्यांनी ते मुकाट मान्य करायला हवं होतं.

ही गाडी म्हणजे तीन चाकांची मोटरसायकल. नवऱ्याला दोन चाकांची हवी होती. मी म्हटलं, "दोन चाकांवर माझं पोर बसणार नाही." तो म्हणाला, "मग किती चाकांवर बसेल?" मी म्हटलं, "निदान चार." तिनावर तडजोड झाली. पुढे एक चाक, मागे दोन. मागे उजवीकडे माझी जागा, डावीकडे पिल्लाची पट्ट्यांनी बांधलेली खुर्ची. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एक रुंद रबरी बेल्ट जातो, तोच त्या चाकांना फिरवतो. आवाज त्याच बाजूचा होता. डावं वळण आलं की सुरू, रस्ता सरळ झाला की बंद.

सोमवारी माझी रजा संपत होती. पिल्लू पाळणाघरात, मी ऑफिसात, आणि दोघांना सोडणार हीच गाडी. साहेबांनी रजा आधीच दोनदा वाढवून दिली होती. पुन्हा मागितली असती तर माझी खुर्ची दुसऱ्या कुणाच्या तरी बुडाखाली गेली असती. तरी मी रविवारी सकाळी जाहीर केलं, "आवाज गेल्याशिवाय मी आणि पिल्लू त्या गाडीवर पाऊल ठेवणार नाही."

"गाडीला काही झालेलं नाही," सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "हिला पोराला सोडून जायचं नाहीये."

"आई, तसं काही नाहीये. बेल्टचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"आमच्या वेळी बेल्ट नव्हते, त्यामुळे आम्हाला नीट रडावं लागायचं."

नवऱ्याने उस्तादला बोलावलं. हा त्याचा शाळासोबती, चौकात त्याचं गॅरेज आहे. "मला माहीत नाही" हे वाक्य त्याने उभ्या जन्मात उच्चारलेलं नाही. हत्यारांची पेटी आपटून तो गाडीपुढे मांडी घालून बसला, जणू आता ती त्याला आपली कर्मकहाणी सांगणार होती.

"बोला वहिनी, कसा आवाज?"

"ईईई."

"अजून एकदा?"

"ईईई. डावीकडून येतो."

उस्तादने डोळे मिटले. "ताण कमी पडतोय. बेल्ट सैल झाला की असाच रडतो."

त्याने पाना फिरवून बेल्ट ताणला. पिल्लाला घेऊन मी मागे बसले, नवऱ्याने एक फेरी मारली. डावं वळण आलं आणि ईईई!

"मग चाकांची रेघ चुकली असणार," उस्ताद म्हणाला. मागची चाकं सरळ रेषेत नसली तर बेल्ट एका कडेला घासतो म्हणे. फाटकाच्या खांबापासून पुढच्या चाकापर्यंत त्याने दोरी ताणली. त्या दोरीत पाय अडकून सासूबाई शेंगांच्या परातीसकट खाली बसल्या, आणि पुढची दहा मिनिटं उस्ताद चाकांऐवजी शेंगा एका रेषेत आणत होता.

पुन्हा फेरी. पुन्हा ईईई.

"डावीकडून येतोय, सांगितलं ना तुम्हाला," मी म्हटलं.

"डावीकडून तर डावीकडून," असं म्हणून त्याने माझ्या समाधानासाठी डाव्या बाजूचा बोल्ट आणखी थोडा आवळला. मी मान हलवली की तो आवळायचा. दुपारपर्यंत मी बरीच मान हलवली होती.

मग नवरा एकटा फिरून आला. आवाज नाही. सासूबाईंना बसवलं. आवाज नाही, उलट त्यांना मजा आली आणि त्यांनी आणखी एक फेरी मागितली.

उस्ताद हनुवटी खाजवत म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. वजन किती तुमचं?"

मी सांगितलं. नवऱ्याने आभाळाकडे पाहिलं. मग त्याने कणकेचा डबा, भरलेला सिलिंडर आणि माझी जुनी क्रमिक पुस्तकं सीटवर रचली, वरून माझी ओढणी गुंडाळली आणि सगळ्यावर माझं हेल्मेट ठेवलं. त्या बाईला घेऊन तो गल्लीतून निघाला तेव्हा समोरच्या काकूंनी तिला हात केला. आवाज आला नाही. परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सून म्हणून हीच ठेवू या का?"

एवढ्यात पिल्लू कुरकुरायला लागलं, म्हणून त्यांनी त्याला बाबागाडीत घातलं आणि अंगणात फिरवायला सुरुवात केली. कुंडीपाशी बाबागाडी डावीकडे वळली.

"ईईई," पिल्लू म्हणालं.

अगदी बारीक, चढत जाणारा आवाज. बाबागाडी सरळ झाली आणि तो थांबला. सासूबाईंनी पुन्हा वळवली. "ईईई." पिल्लाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रडू नव्हतं. वळताना असं करायचं असतं, एवढंच त्याला माहीत होतं.

उस्तादने पाना खाली ठेवला. "याचा बेल्ट कुणी बसवला?"

"शिकला कुणाकडून हे?" सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने सिलिंडर उतरवला, मला सीटवर बसायची खूण केली आणि इंजिन चालू न करताच गाडी हाताने ढकलत डावीकडे वळवली.

"ईईई," कुणीतरी म्हणालं. हेल्मेट नसल्यामुळे या वेळी मला ते समोरून ऐकू आलं. माझ्याच दातांमधून.

सोमवारी सकाळी नवऱ्याने माझ्या तोंडात एक लिमलेटची गोळी कोंबली आणि गाडी काढली. पहिल्याच वळणावर आवाज आला.

"गोळी चघळ," तो पुढून ओरडला.

"चघळतेय."

"मग पिल्लू असेल."

पिल्लू आपला अंगठा चोखत होतं. आवाज सरळ रस्त्यावरही थांबेना, आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. काल जाता जाता माझ्या समाधानासाठी उस्तादने डावी बाजू पुन्हा एकदा एवढी आवळली होती की चाकं वाकडी झाली होती आणि बेल्ट खरोखरच किंचाळत होता.

"खरंच बेल्ट आहे," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात पश्चात्ताप होता. मी तो चघळला, गोळीपेक्षा गोड होता.

तशाच तिरक्या चालीने आम्ही पाळणाघराच्या दारात पोचलो. नवऱ्याने इंजिन बंद केलं. तिथल्या ताईंनी हात पुढे केले आणि पिल्लू त्यांच्याकडे झेपावलं. ना रडणं, ना मागे वळून पाहणं. डावीकडच्या दारातून आत गेलंसुद्धा.

"ईईई."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"बेल्ट," तो म्हणाला.

"बेल्टच," मी ओढणीने नाक पुसत म्हटलं. "संध्याकाळी उस्तादला दाखवू या."