लांबलेला आठवा महिना

"शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. निकिता आठवायला लागायच्या आतच तिच्या सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, सांगून टाकलं, "आखितीला. घागर पुजायला मला एकटीलाच बसावं लागलं, म्हणून ध्यानात हाय."

डॉक्टरीणबाईंनी अक्षय्यतृतीयेची तारीख धरून टेबलावरची पुठ्ठ्याची चकती फिरवली. "मग आठ आठवडे झाले."

"आखितीपासून धरायलाव का?" सगुणाबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "बाई, तुमी शिकलेल्या हाव. पण आखितीला ही बाहेर बसलेली. त्या दिवशी पोटात काहीच नव्हतं, ह्याची मी साक्षीदार हाय."

"गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला ते सांगता येत नाही, मावशी. पाळीचा दिवस सांगता येतो, म्हणून तिथून मोजतात. पहिले पंधरा दिवस बाळ नसतंच, पण हिशेबात धरतात."

"नसलेलं धरायचं."

"हो."

सगुणाबाई उठल्या. पटलं म्हणून नव्हे, बाहेर बायका ताटकळल्या होत्या म्हणून.

पेडगावला पोचल्यावर सासऱ्यांनी, सटवाजींनी, अंगणातूनच विचारलं, "किती झाले म्हणं?" आता पाळीची गोष्ट सासऱ्यांपुढं कोण काढणार? निकिता पदर सावरत स्वयंपाकघरात गेली आणि तिचा नवरा योगीराज अंगणात सापडला. तो परभणीला बियाण्याच्या दुकानात कामाला होता, त्यामुळं त्याला दुसरी भाषा येत नव्हती.

"दादा, असं हाय. डॉक्टर लोक पेरणीपासून न्हाई मोजत. त्याच्या आधी पंधरा दिवस, रान तयार झालं, तवापासून मोजत्यात."

सटवाजींनी थोडा विचार केला. "मग नांगरटीपासूनच मोजा म्हणावं. उन्हाळाबी वाया जायचा न्हाई."

आत निकिताच्या हातातलं लाटणं थांबलं. हसावं की लाजावं, हे तिला ठरवता येईना. ती बी.एस्सी. झालेली होती. डॉक्टरीणबाईंचं तिला पटलं होतं, आणि खरं म्हणजे सासूबाईंचंही पटलं होतं. दोन्ही पटलं की माणूस गप्प बसतो, तशी ती बसली. पुढं सगळं झालं ते या गप्प बसण्यानं, असं तिला अजूनही वाटतं.

कारण तिसरा हिशेब गंगाखेडला चालू होता. तिची आई, रेणुका, आखितीपासून इंग्रजी महिने धरत होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे दोन्ही घरांना मान्य होतं. सातव्यात ओटी भरायची, मग लेकीला न्यायचं. सातवा चुकला तर नववा. आठव्यात मात्र हलवायचं नाही, आणि नदी तर ओलांडायचीच नाही. पेडगाव आणि गंगाखेडच्या मधे गोदावरी आहे.

निकिताला रीतिभातीचं फार कौतुक नव्हतं. तिला भीती वाटत होती, एवढंच. मोबाइलमध्ये तिनं एक ॲप घेतलं होतं, ते दर आठवड्याला बाळ केवढं झालं ते सांगायचं आणि खाली काय काय बिघडू शकतं तेही सांगायचं. वरचं ती सासूबाईंना वाचून दाखवायची. खालचं एकटीच वाचायची. त्या वेळी आईचा हात हातात असावा, बाकी काही नको, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"मागच्या हप्त्यात लिंबू म्हणालीस, आता वांगं म्हणायलीस," सगुणाबाई म्हणाल्या. "पोटात बाजार भरलाय का काय?"

त्या वर्षी श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना म्हणून जावईबापूंना गंगाखेडला बोलावणं झालं. योगीराज धोंडे खाऊन, चांदीचं निरांजन घेऊन आला. तो आल्यावर निकितानं सासूबाईंना सहज म्हटलं, "आत्या, आता चौथा सरत आला."

"सरत कामून येईल? धोंडा धरत न्हाईत."

"म्हणजे?"

"ह्या महिन्यात लगीन न्हाई, वास्तू न्हाई, काही न्हाई. हा महिना नसल्यातच जमा."

"पण पोट तर ह्या महिन्यात वाढलंच की."

"वाढू दे की. त्याला कोण न्हाई म्हणायलंय? मोजायचं न्हाई, एवढंच."

डॉक्टरीणबाई नसलेले पंधरा दिवस धरत होत्या, सासूबाई असलेला महिना सोडत होत्या. निकितानं मधे पडायला हवं होतं. तिनं विषय वाढवला नाही.

दिवाळी झाल्यावर रेणुका गाडी करून लेकीला न्यायला आली. तिच्या हिशेबानं सातवा सरत आला होता. आधी ओटी भरू, संध्याकाळी निघू, असा तिचा बेत. मागच्या खोलीला तिनं रंग दिला होता, खिडकीपाशी पलंग लावला होता. इकडं निकिताची हिरवी बॅग तर दसऱ्यापासून दाराआड भरून तयार होती.

"घ्या इहीणबाई, पाणी घ्या," सगुणाबाई म्हणाल्या.

"नको. लेकीच्या घरचं पाणी तिला लेकरू झाल्यावरच." रेणुकानं पर्समधून स्वतःची बाटली काढली. "निकिताला घेऊन जाते म्हणते. सातवा हाय तवर."

"सातवा कुठला? आता कुठं सहावा सरायलाय. सहाव्यात ओटी भरली तर गाव हसंल मला."

दोघी बराच वेळ बोटांची पेरं मोजत बसल्या. मोजून झाल्यावर दोघींच्याही बोटांनी आपापल्या मालकिणीचंच खरं केलं. रेणुका चिवड्याचा डबा ठेवून एकटीच परत गेली.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी सगुणाबाईंनी हौसेनं ओटी भरली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, गल्लीतल्या सगळ्या बायका. रेणुका तेवढी आली नाही. तिला फोन लावून सगुणाबाई म्हणाल्या, "आता खुशाल न्या, इहीणबाई. सातवा लागला."

"तुमच्याकडं लागला असंल. माझ्याकडं आठवा चालू हाय. आठव्यात पोरीला गंगा ओलांडायला लावू का?"

"आई, काही होत नाही गं," निकितानं फोन ओढून घेतला.

"तुला काय ठाऊक? थोडं थांब. नववा लागला की त्याच दिवशी येते."

निकितानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि रंगीत पेनानं रेघा मारल्या. आईचा आठवा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपत होता. सासूबाईंचा त्यानंतर लगेच लागून अर्ध्या पौषापर्यंत जात होता. जगात सगळ्या बायकांना आठवा एकदाच लागतो, तिला तो दोन महिने पुरणार होता. मधे फक्त चार-पाच दिवस असे होते, की ती कुणाच्याच आठव्यात नव्हती.

त्यातला पहिला दिवस उजाडला. रेणुका पहाटेच निघाली. कारखाना जोरात होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. "पुलापाशी अडकलेय," तिनं फोनवर सांगितलं. "येते. बॅग बाहेर काढून ठेव."

निकितानं बॅग बाहेर काढली. ओसरीवर बसली आणि वेळ जाईना म्हणून मोबाइल उघडला. ॲपवर लिहिलं होतं, पस्तिसावा आठवडा. बाळ मोठ्या टरबुजाएवढं. खाली लिहिलं होतं, आता लांबचा आणि खराब रस्त्याचा प्रवास टाळा. त्याच्याही खाली बरंच काही होतं. ते तिनं दोनदा वाचलं. रस्त्यातले खड्डे, ट्रॉल्या, पुलावर गाडी अडकली आणि तिथंच काही झालं तर.

तिनं आईला फोन लावला. "आई, नको येऊस."

"आता काय झालं?"

"पस्तिसावा लागलाय. ह्यात प्रवास करायचा नसतो."

"पस्तिसावा काय?"

"आठवडा."

पलीकडं ट्रॅक्टरचे भोंगे ऐकू येत होते. मग रेणुका म्हणाली, "बरं." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. एकदा सासूनं अडवलं, एकदा आईनं अडवलं, आणि तिसऱ्या खेपेला दोघी मोकळ्या असताना निकितानं स्वतःच अडवलं. बॅग पुन्हा दाराआड गेली.

भोगीच्या दिवशी सकाळी बाजरीच्या भाकरीला तीळ लावता लावता निकिता परातीवर वाकली, ती सरळ होईना. योगीराज गाडी आणायला पळाला. सगुणाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला.

"आठवा हाय अजून," त्या पुटपुटत राहिल्या. आठव्यातलं लेकरू जगत नाही असं बायका बोलतात, ते निकितालाही माहीत होतं. परभणीपर्यंत दोघींपैकी कुणी ते बोललं नाही. दवाखान्यात तिनं हात पुढं केला तेव्हा जो हातात आला, तो बांगड्यांना पीठ लागलेला, सासूबाईंचा होता.

"बाई," सगुणाबाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुमच्या हिशेबानं किती भरले?"

"अडतीस आठवडे. पूर्ण दिवसांचं आहे बाळ."

"मग तुमचाच धरा. धोंडाबी धरा. आखितीच्या आधीपासून धरायचं तरी धरा, माझं काही म्हणणं न्हाई."

दुपारी मुलगी झाली. सगुणाबाईंनी आधी तिची नखं पाहिली. पुरती वाढलेली होती. "धोंड्यातबी वाढतच होती की गं ही," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

रेणुका तासाभरानं पोचली. पुन्हा त्याच ट्रॉल्या, तोच पूल. पलंगापाशी येऊन ती नुसती उभी राहिली.

"आई, तुला उशीर झाला."

"मला कुठला उशीर? तुझी पोरगी घाईची हाय."

"त्या दिवशी मी तुला येऊ दिलं असतं तर..."

"ऱ्हाऊ दे आता." रेणुकानं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

सगुणाबाईंनी तांब्यातून पेला भरला आणि काही न बोलता विहीणबाईंपुढं धरला. रेणुकानं पेल्याकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"आता पेडगावला चला," सगुणाबाई म्हणाल्या. "ओल्या बाळंतिणीला तर मी हलवू देणार न्हाई. तुमीच ऱ्हावा तिच्यापाशी."

"किती दिवस?" रेणुकानं विचारलं, आणि दोघी विहिणींचे अंगठे बोटांच्या पेरांवर गेले.

"सव्वा महिना," दोघी एकदमच म्हणाल्या.

सगुणाबाई निकिताकडं वळल्या. "मोबाइलात बघ गं जरा. ह्यात धोंडा येत न्हाई ना?"

योगीराज हसला, निकिताही हसली, टाके ओढले म्हणून थांबली. रेणुका दारापाशी जाऊन घरी फोन लावत होती. "मी न्हाई येत इतक्यात. आणि ती मागची खोली रिकामीच हाय, त्यात सोयाबीनची पोती टाकली तरी चालतील."

ती परत आली तेव्हा निकितानं विचारलं, "आई, खोलीला रंग कोणता दिलास गं?"

"आकाशी. येशील तवा बघशील की."

"कधी?"

यावर मात्र दोघी विहिणींपैकी कुणीच बोटं मोजली नाहीत.