खेकड्याचा अपुरा दिवस

एका जंगलात सगळं बरं चाललं होतं, म्हणून ते सुधारायचं ठरलं.

त्या जंगलात ओढ्याच्या अलीकडे एक डोह होता आणि पलीकडे एक. तहान लागली की प्राणी डोहावर जायचे, पाणी प्यायचे आणि घरी जायचे. मुलांनो, ही पद्धत फार मागासलेली होती. कोण किती प्यायलं याची कुठेच नोंद नव्हती.

मग अलीकडच्या काठावर एक वारूळ उभं राहिलं. शहरात अशा गोष्टीला डेटाबेस म्हणतात. जंगलात वारूळच म्हणतात, कारण आत काय चाललंय ते दिसत नाही आणि हात घातला तर चावतं.

वारुळात हजारो मुंग्या होत्या. कोणाला शिंगं किती, कोणाला पाणी किती, कोणाची पाळी कधी, हे सगळं त्या पाठ ठेवायच्या. गणित मात्र त्यांना येत नव्हतं. ते काम नानासाहेब हत्तींकडे होतं. शहरात यांना प्रोसेसर म्हणतात आणि थंड ठेवावं लागतं. नानासाहेबांनाही थंड ठेवावं लागे. दोन माकडं त्यांच्यावर दिवसभर पाणी उडवत.

नानासाहेब पायांच्या नखांवर आकडे मोडायचे. पुढच्या पायांना पाच-पाच नखं, मागच्यांना चार-चार. एकूण अठरा. एका नखावर एक आकडा. अठरा आकडे झाले की गणित संपलं.

वारुळाचे प्रमुख होते भास्करराव साळिंदर. लेखणी त्यांच्या पाठीवरच उगवायची, म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी वारुळाला तीनशे प्रश्न विचारले. जी उत्तरं आली ती ताडपत्रावर उतरवून घेतली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘बरोबर उत्तरं’.

"साहेब, ही बरोबर आहेत का?" एका मुंगीने विचारलं.

"वर लिहिलंय ना!" भास्करराव म्हणाले.

यापुढे वारुळाची परीक्षा घेताना हेच तीनशे प्रश्न विचारायचे, आलेलं उत्तर ताडपत्राशी जुळवायचं आणि जुळलं नाही तर ओरडायचं, असं ठरलं. ओरडण्याचं काम म्हटल्यावर टिटवी नेमली गेली. तिचं नाव यमू.

आता सगळ्या जंगलात लाजाळू म्हणावी अशी टिटवी एकच होती आणि ती यमू होती. ती ओरडण्याआधी इकडे तिकडे बघायची. मग ओरडू की नको असा विचार करायची. तोवर ओरडण्याची वेळ निघून जायची. तिची आई रोज डोक्याला पंख लावून बसायची. "अगं, साप दिसला तर आधी ओरडावं. साप आहे की दोरी, ते मागून बघावं."

भास्कररावांना मात्र अशीच मुलगी हवी होती. टिटवी मनापासून ओरडली की सगळं जंगल जीव घेऊन पळतं, ही फार जुनी सवय आहे. कार्यालयात ते परवडत नाही.

"ओरडायचं, पण हळू," त्यांनी सांगितलं. "मला ऐकू जाईल इतकंच. आणि नियम लक्षात ठेव. उत्तर जुळलं नाही तरच ओरडायचं. जुळलं की तोंड बंद. जुळलेल्या उत्तरावर ओरडलीस, तर त्या दिवशी नोकरी गेली."

यमूने मान डोलावली. तोंड बंद ठेवण्याचा तर तिला लहानपणापासून सराव होता.

अलीकडच्या काठावर वारूळ झकास चाललं. दिवसाचे तीन भाग व्हायचे. सकाळी सांबरं, दुपारी गवे, संध्याकाळी डुकरं. तीन पाळ्या संपल्या की मुंग्या तीन भाग जोडून बघायच्या. बेरीज एक आली की दिवस पूर्ण झाला असं मानायचं आणि दुसऱ्या दिवसाची दारं उघडायची. सूर्य मावळला म्हणजे दिवस संपतो, ही समजूत आता फक्त सूर्याची राहिली होती.

मग पलीकडच्या काठावरही तसंच वारूळ उभं केलं. मुंग्या यांच्याच बहिणी. नोंदीही इकडच्याच, जशाच्या तशा नेलेल्या. फक्त नानासाहेबांना बदली मान्य नव्हती. म्हणून गणितासाठी तिथलाच तुकोजी खेकडा घेतला. तो चपळ होता, खात कमी होता आणि थंड ठेवायला त्याला चिखल पुरत होता.

वारूळ परीक्षेत पास होईपर्यंत पलीकडचा डोह बंद राहील, असा वनराज सिंहाचा हुकूम निघाला. डोहाभोवती काटेरी कुंपण पडलं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं सगळे म्हणाले.

यमू पलीकडे उडून गेली. दोनशे सोळा उत्तरं अक्षरन् अक्षर जुळली.

"प्रश्न दोनशे सतरा," यमू हळूच म्हणाली. "एका दिवसाचे तीन सारखे भाग करा. मग ते परत जोडा. किती?"

तुकोजीने डोळे दांड्यांवर उंच केले. नांग्या धरून त्याला दहा पाय होते. एकाला तिनाने भागलं की पॉइंटपुढे तीनच तीन येत राहतात, म्हणून त्याने एकेका पायावर एकेक तीन ठेवला. दहा पाय भरले. मग त्याने बेरीज केली.

"शून्य पॉइंट, पुढे दहा वेळा नऊ."

यमूने ताडपत्र पाहिलं. तिथे लिहिलं होतं, ‘एक’.

"तुकोजीकाका, परत एकदा कराल का?"

"शंभरदा करीन. पाय दहाच राहणार."

यमूने इकडे तिकडे पाहिलं आणि ती हळूच ओरडली, "टिट्."

डोह बंदच राहिला.

दुसऱ्या दिवशी परत परीक्षा. परत दहा नऊ. परत "टिट्". असे एकोणीस दिवस गेले.

सुंदरा नावाची एक चितळीण रोज कुंपणापाशी येऊन उभी राहायची. तिचा कळप पलीकडच्याच काठावर राहत असे. लांब एका कपारीत थेंब थेंब पाणी ठिबकायचं, ते चाटून तिने इतके दिवस काढले होते. आता तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. मुलांनो, त्या मात्र वारुळात कोणी मोजल्या नाहीत.

"आज झालं का गं, यमे?"

"नाही हो, सुंदरामावशी. दहाव्या घरापुढे अडलंय."

"कोणाच्या घरापुढे?"

"आकड्याच्या."

"बरं बाई," सुंदरा म्हणाली. तिला वाटलं, आकडे नावाचं कोणीतरी मोठं कुटुंब असणार. तिने जीभ ओठांवरून फिरवली. जीभ कोरडी होती.

शेवटी समितीची बैठक बसली. वनराज खडकावर, बाकीचे खाली.

"माझ्या काळात एक म्हणजे एक असायचा," नानासाहेबांनी सुरुवात केली. "दहा पायांवर चालूनही ज्याला सरळ जाता येत नाही, त्याच्याकडून बेरीज सरळ कशी येईल?"

"नानासाहेब, खरं सांगा," तुकोजी म्हणाला. "तुमचेही अठरा नऊच आले होते. इतके नऊ बघून तुम्हाला डुलकी लागली आणि तुम्ही म्हणालात, एकच धरा."

"यालाच अनुभव म्हणतात," नानासाहेब म्हणाले.

मग प्रश्न निघाला की दिवसाचा उरलेला तुकडा गेला कुठे. तीन भाग केले तेव्हा दिवस पूर्ण होता. जोडले तेव्हा तो अपुरा भरला. म्हणजे मध्ये कोणीतरी खाल्ला. कोल्ह्याला धरून आणलं. त्याच्याकडे काहीही सापडलं नाही. तरी कोल्हा आहे म्हणून त्याला दोन दिवस बसवून ठेवलं.

तुकोजीला आणखी आठ पाय लावावेत, अशी सूचना आली. ती गोगलगायीने केली होती, त्यामुळे तिच्या हेतूबद्दल शंका घेण्यात आली. नानासाहेबांची आठ नखं कापावीत, असंही कोणीतरी मागून म्हणालं. नानासाहेबांनी मागे वळून पाहिल्यावर ते कोणीच म्हणालं नव्हतं.

यमू कोपऱ्यात बसून होती. तिला उत्तर केव्हाच सुचलं होतं. पण एवढ्या मोठ्या लोकांत बोलायचं म्हणजे तिच्या चोचीला कुलूप लागायचं. तरी तिला सुंदराची जीभ आठवली.

"केसाएवढा फरक असला, तर जुळलं असं म्हणायचं," ती पुटपुटली.

ते फक्त शेजारी बसलेल्या भास्कररावांना ऐकू आलं. ते लगेच उठून उभे राहिले. "महाराज, बऱ्याच चिंतनानंतर मला सुचलंय, की केसाएवढा फरक चालवून घ्यावा!"

टाळ्या पडल्या. मग केस कोणाचा, यावर दुपार गेली. हत्तीच्या शेपटीचा केस जाड, खारीचा बारीक. शेवटी वनराजांच्या आयाळीचा केस सर्वानुमते ठरला. वनराजांनी एक उपटून दिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. समिती भारावून गेली.

डोहाचं उद्‌घाटन दुसऱ्या दिवशी दुपारी ठरलं. त्याआधी सकाळी यमूने तीनशे प्रश्न शेवटचे विचारले. या वेळी दहाव्या घरापर्यंत डोळे ताणायची गरज नव्हती. त्यामुळे तिने एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच प्रश्न नुसते जुळवले नाहीत. ते वाचले.

"प्रश्न एक्केचाळीस. चितळाला दिवसाला पाणी किती लागतं?"

"शून्य," तुकोजी म्हणाला.

ताडपत्रावरही शून्य होतं. जुळलं. काल जुळलं होतं, परवा जुळलं होतं. एकोणीस दिवस जुळतच होतं.

"तुकोजीकाका, शून्य कसं?"

"मुंग्यांनी सांगितलं तेच मी सांगितलं. यात गणित नाही. मुंग्यांकडे नोंद तीच आहे."

यमू अलीकडे उडत गेली आणि तिने मुंग्यांना विचारलं. मुंग्या म्हणाल्या, अलीकडे चितळं राहतच नाहीत. मोजायला कोणी भेटलं नाही, म्हणून शून्य लिहिलं. इथे आजवर कोणाची तक्रार आली नाही.

यमू भास्कररावांकडे धावली.

"दोन्ही काठांवर शून्य?" त्यांनी विचारलं.

"हो."

"केसाचाही फरक नाही?"

"नाही, पण साहेब..."

"मग यासारखं शुद्ध उत्तर नाही," भास्करराव म्हणाले आणि पाठीवर नवीन लेखणी शोधू लागले.

दुपारी सगळे पलीकडच्या डोहावर जमले. नानासाहेबही आले होते. त्यांना तिथे येऊन काम करायचं नव्हतं. भाषण करायला मात्र ते आनंदाने आले. वनराज कुंपणापुढे उभे राहिले. दारावर मुंग्यांची रांग लागली. सुंदरा सगळ्यात पुढे होती, कारण ती एकोणीस दिवस रांगेतच होती.

"नाव?" दारावरच्या मुंगीने विचारलं.

"सुंदरा. चितळ."

मुंगी वारुळात जाऊन आली. "तुमचं पाणी शून्य. पिऊन झालेलं आहे. पुढचे या."

सुंदराला कळलंच नाही. ती हसली. मग तिच्या मागच्या पायांतला जोर गेला आणि ती तिथेच खाली बसली.

"तपासनीस," भास्कररावांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काही न जुळलेलं आहे का? नसल्यास गप्प राहावं."

यमूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. सगळं जुळलेलं होतं. नियम तिला पाठ होता. तिने सुंदराकडे पाहिलं.

मग ती ओरडली. आयुष्यभर घशात साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"टिटिव्‌टिव! टिटिव्‌टिव! टिव! टिव!"

"काय जुळलं नाही?" भास्करराव किंचाळले.

"सगळं जुळलंय! म्हणूनच ओरडतेय!" यमू म्हणाली.

पण ते ऐकायला कोणी थांबलंच नव्हतं. टिटवी मनापासून ओरडली की आधी पळायचं असतं. साप आहे की दोरी, ते मागून बघायचं असतं. गवे पळाले. डुकरं पळाली. वनराज सगळ्यांच्या पुढे होते. इतिवृत्तात नंतर लिहिलं गेलं, की महाराजांनी संकटाचा पाठलाग केला. नानासाहेबांना वळायला जागा पुरली नाही. ते कुंपणातून आरपार गेले आणि जाता जाता अठराच्या अठरा नखांनी वारुळावरून गेले.

धुरळा बसला तेव्हा कुंपण नव्हतं, वारूळ नव्हतं, मुंग्या जमेल तिकडे निघाल्या होत्या. डोह होता तिथेच होता.

सुंदरा उठली. तिच्यात पळायचं बळ नव्हतं, म्हणून ती चार पावलं चालली आणि तिने पाण्याला तोंड लावलं. तिच्या मागे तिचा कळप आला. ती किती प्यायली, ते कोणालाच माहीत नाही. तुकोजी काठावर बसून बघत होता. त्याने मोजायला एक नांगी उचलली आणि परत खाली ठेवली.

"यमे," सुंदरा बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्या आकड्यांना सांग हो, पाणी गोड आहे."

यमूची नोकरी त्याच दिवशी गेली. जुळलेल्या उत्तरावर ओरडल्याचा तो जंगलातला पहिलाच गुन्हा होता. तिच्या आईने सगळ्या माळावर उडून उडून ही बातमी सांगितली आणि एकदाही डोक्याला पंख लावला नाही.

नवीन वारुळाचं काम सध्या जोरात सुरू आहे. ताडपत्र सुखरूप सापडलं, तेव्हा उत्तरांची काळजी नाही. तपासनीस म्हणून या वेळी डोहातला एक मासा नेमला आहे. त्याचं तोंड सतत उघडतं, मिटतं. भास्करराव म्हणतात, इतका मेहनती कर्मचारी त्यांनी पाहिला नाही.

तात्पर्य : केसाएवढी चूक कधीही खपवून घेऊ नये, समिती बसवावी. चूक चितळाएवढी असेल, तर ती दोन्ही काठांवर सारखी आहे ना, एवढंच पाहावं. आणि मुलांनो, तहान लागलीच, तर आधी पाण्याची नोंद तपासावी. शून्य निघालं, तर तहान चुकीची आहे.