होणारा जावई धोंडीला गेला

भीमपूरच्या केशवरावांच्या मळ्यातल्या विहिरीत त्यांच्या लेकीचा, दामिनीचा फोन पडला आणि तो एका बेडकानं वर आणून दिला. फोन चालू होता हे नवल. बेडूक बोलत होता हे त्याच्या नंतरचं. पण वर आणण्याआधीच त्यानं अटी घातल्या होत्या. तिच्या ताटात जेवायचं, रात्री तिच्या उशाशी झोपायचं; सकाळी तो राजपुत्र होणार आणि तिच्याशी लग्न करणार. नर्सिंगला नंबर लागल्याचा मेसेज त्याच फोनवर यायचा होता, त्यामुळे दामिनी "हो, हो" म्हणून मोकळी झाली. मेसेज आला. उद्याच आदिलाबादला कॉलेजात हजर व्हायचं होतं.

दुपारी पानं वाढली आणि बेडूक उंबऱ्यावर हजर.

"हा काऊन आला?" केशवरावांनी विचारलं. दामिनीनं खरं ते सांगून टाकलं.

केशवरावांचा भाजीचा सगळा व्यवहार तोंडी. एकदा बोललेला भाव त्यांनी जन्मात फिरवला नव्हता. "शब्द देल्ला ना? मंग सरक, जागा दे त्याले."

"जावई पह्यल्यांदा घरी आले," दामिनीच्या आईनं, राहीबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "तिखट चालते का तुमाले?"

"बेतानं," बेडूक म्हणाला.

"बाबा, उद्या कॉलेज हाये माहं!"

"ते आता त्यायले इचार. लगन ठरलं तुहं."

"आमच्या वाड्यात राण्या नोकरी करत नसत," बेडकानं भाताचं शीत गिळत सांगितलं. दामिनीनं हातातला घास ताटात परत ठेवला. आईनं तर हौसेनं नवी उशी उन्हात टाकली होती.

तेवढ्यात शेजारच्या बयनाबाई आल्या. पावसानं दडी मारली होती, कपाशीनं माना टाकल्या होत्या, म्हणून बायकांनी धोंडी काढायची ठरवली होती. कडुलिंबाच्या पाल्यात बेडूक गुंडाळून मुसळाला बांधायचा आणि घरोघर त्याच्यावर पाणी ओतून पाऊस मागायचा. पण नाले कोरडे पडल्यामुळे बेडूकच मिळेना.

"दामिने, तुमच्या हिरीत असन ना एखादा?"

"हिरीत कायले? घरातच हाये." हे तिच्या तोंडून निसटलं की तिनं सोडलं, ते तिचं तिलाच माहीत.

"अवो, जावई हायेत ते!" राहीबाई आडव्या झाल्या.

"असू द्या बाप्पा," बयनाबाई म्हणाल्या. "झाल्यावर आणून देतो." गावच्या धोंडीला नाही कसं म्हणायचं? केशवरावांनी सुतळी काढून दिली आणि जावई मुसळाला बांधला गेला.

"मी राजपुत्र हाये!" पहिल्याच दारात तो ओरडला.

"बोलून राह्यला! देव पावला!" म्हणून बायकांनी आणखी दोन घागरी ओतल्या. दामिनी मागून चालत होती. आपण बिचाऱ्याला फसवलं, याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं. पुढच्या गल्लीत तो गप्प झाला. त्याच्या पुढच्या गल्लीत त्यानं डोळे मिटले. मारुतीच्या देवळापाशी तर "जरा पाठीवर घाला" असं सांगायला लागला.

दिवस मावळताना तिनं त्याची सुतळी सोडली. "चला घरी. शब्द देल्ला होता म्या."

"नाई येत."

"काऊन?"

"राजपुत्र होऊन करू काय? राज्य गेलं, वाडा पडला, दहावीही झाली नाई माही. इथं सारं गाव मले आंघोळ घालते, पाया पडते. उद्या शेजारच्या गावाचं बोलावणं हाये."

"आन् पाऊस नाई आला त?"

"येईस्तोवर मले सुट्टी नाई."

दामिनीनं एकटीनंच घरी येऊन हे सांगितलं, तसा राहीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आता पोरीचं कसं होईन? त्या बेला गावच्या पोराचं स्थळ पुन्हा इचारून पाहा ना!"

"कसं इचारता येईन?" केशवराव म्हणाले. "शब्द त्याले देल्ला. त्यानं लगनाले नाई म्हटलं नाई, सुट्टी नाई म्हटलं. तो मोकळा होईस्तोवर ही दुसऱ्याची होत नाई."

"मंग तवरोक पोरीनं करावं काय?"

केशवरावांनी बराच वेळ डोकं खाजवलं. जन्मभराचा नेम त्यांना चहूबाजूंनी घेरून उभा होता.

"नवरा गावोगाव फिरून राह्यला, ही घरी बसून काय करन?" शेवटी ते वैतागून म्हणाले. "आदिलाबादची पह्यली बस किती वाजता हाये?"

दामिनीनं बॅग केव्हाच दाराशी आणून ठेवली होती.