पूर्ण बऱ्या झालेल्या तानुबाई

वामनरावांची बायको तानुबाई पौषात वारली आणि वैशाखात पूर्ण बरी झाली. तसं छापूनच आलं.

'मन-उभारी सेवा संस्थे'चा वार्षिक अहवाल पोस्टानं रोहिणखेडला आला, तेव्हा वामनराव ओट्यावर बसून डाळ निवडत होते. अकराव्या पानावर तानुबाईचा फोटो होता. खाली लिहिलं होतं : 'तानुबाई, वय ५८. तीन वर्षं उदासीनतेच्या आजारानं त्रस्त. अठ्ठावीस गृहभेटींनंतर पूर्ण बऱ्या. त्रासातून सुटल्या.'

हे वाचून माणसाला आधी रडू यायला पाहिजे. पण वामनरावांनी सेवा सहकारी सोसायटीत एकतीस वर्षं गटसचिव म्हणून काढली होती. सवय वाईट. त्यांनी आधी आकडा मोजला. संस्थेची मयुरी घरी दोनदाच आली होती. एकदा नाव लिहून घ्यायला आणि एकदा फोटो काढायला. मग अठ्ठावीस कुठून आल्या? शेवटच्या पानावर गृहभेटींचा प्रवासखर्च तारखांसकट दिला होता. त्यातल्या नऊ तारखा तेरवीनंतरच्या होत्या.

"जित्तेपनी दोन आन मेल्यावर नऊ," ते शेजारच्या जानरावांना म्हणाले. "आपले सोयरे तरी एवढे येतात का बे?"

"जाऊ दे ना, वामन. चांगलंच लिवलं हाये तिच्याबद्दल."

"ते बरी नाई झाली, जानराव. ते मेली. खानं सोडलं तिनं. आन हे लोक तिले बरी करून पैसे घेऊन राह्यले."

सोमवारी ते तालुक्याच्या गावी संस्थेच्या हापिसात गेले. मयुरीनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मधूनच उघडलेलं एक रजिस्टर पुढे सरकवलं.

"काका, इथं सही करा. आल्या-गेल्याची घ्याच लागते."

वामनरावांनी सही केली आणि अहवाल तिच्या पुढ्यात आपटला. "तुले कोनं सांगतलं तानी बरी झाली म्हनून?"

"तुमीच तं सांगतलं, काका!"

"म्या?"

"बाजारात भेटले होते ना तुमी. मी इचारलं, काकू कशा हायेत? तुमी म्हनले, सुटली बिचारी. मंग मी म्हनलं, बरं झालं काका, लय तरास होता त्याहिले."

वामनरावांना तो बाजार आठवला. ते तेरवीचं सामान घ्यायला गेले होते. पोरगी आपलं सांत्वन करते आहे असंच त्यांना वाटलं होतं, कारण त्या पंधरवड्यात सगळा गाव हेच म्हणत होता. सुटली, बरं झालं. फरक इतकाच, की गावानं ते कुठं लिहून ठेवलं नव्हतं.

मयुरीच्या आता ध्यानात आलं. तिनं तोंडावर हात धरला. "अगं बाई! म्हंजे काकू...?"

"हाव. आन त्याच्यानंतरच्या नऊ भेटी?"

"त्या सर भरतात, काका. मी फक्त नावं देतो."

सर म्हणजे संचालक राजकुमार. ते कुठंतरी ताणतणावावर भाषण द्यायला गेले होते. पुढच्या सोमवारी ते शिबिरात होते आणि त्याच्या पुढच्या सोमवारी मिटिंगला. वामनराव सात सोमवार गेले. दर वेळी सही करायचे, तासभर ओरडायचे, पाणी प्यायचे आणि एसटीनं परत यायचे. मयुरी मान खाली घालून ऐकून घ्यायची. एकदा तर तीच रडली आणि वामनरावांनाच तिला समजवावं लागलं.

मग आषाढात संस्थेला पैसे देणाऱ्या कंपनीनं पुण्याहून तपासणीला एक मॅडम पाठवल्या. वैष्णवी त्यांचं नाव. मयुरीनं वामनरावांना हळूच निरोप दिला. ते इस्त्रीचा सदरा घालून, सगळ्या तारखा एका कागदावर मांडून हजर झाले. दारात खुद्द राजकुमार सर उभे होते. त्यांनी वामनरावांचा हात दोन्ही हातांत धरला.

"या, या! मॅडम, हे वामनराव. आपले लाभार्थी. समुपदेशनाची सात सत्रं पूर्ण केली त्यांनी."

"कायची सत्रं?"

सरांनी रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. वर ठळक अक्षरात होतं : 'समुपदेशन सत्र – लाभार्थ्याची सही'. आत वामनरावांच्या वळणदार सात सह्या होत्या. वाचल्याशिवाय कुठं सही करू नका, असं एकतीस वर्षं अख्ख्या सोसायटीला बजावणाऱ्या माणसाच्या.

"म्या तक्रार कराले येत होतो!" वामनराव ओरडले. टेबलावरचा कप उडाला.

"पाहिलं ना, मॅडम?" राजकुमार सर मायेनं म्हणाले. "किती मोकळे झालेत."

मॅडमनी टॅबवर काहीतरी टिपलं. पण बाई कच्ची नव्हती. वामनरावांचा कागद तिनं दोनदा वाचला आणि सरांना म्हणाली, "सर, या नऊ भेटींत तुम्ही नेमकं कोणाशी बोललात?"

सरांनी घाम पुसला. "घरच्यांशी..."

"घरी मीच असतो," वामनराव म्हणाले. "मले तं कोनी दिसलं नाई. तानीले दिसलं असंन तं मालूम नाई."

संध्याकाळपर्यंत सव्वीस भेटींचा खर्च नामंजूर झाला. ते पैसे संस्थेनं परत भरायचे, असा शेरा पडला. राजकुमार सरांना पाणी मयुरीनंच दिलं. वामनराव मात्र उठेनात.

"पैशाचं मले काई नाई, मॅडम. तिचं नाव बऱ्या झालेल्याईतून काढा."

मॅडमनी टॅबवर बराच वेळ बोट फिरवलं. "काका, इथं तीनच पर्याय आहेत. पूर्ण सुधारणा, अंशतः सुधारणा आणि उपचार चालू. मृत्यूचा पर्यायच नाहीये."

"काऊन? पुण्यात मानसं मरत नाईत का?"

"मरतात. पण फॉर्ममध्ये नाही. मी नवीन पर्यायासाठी लिहिते वर. वेळ लागेल."

वामनरावांनी विचार केला. तिन्ही खोटंच. पण त्यातल्या त्यात कमी खोटं कुठलं? "मंग चालू टाका," ते म्हणाले. "बरी झाली नाई, एवढं तरी खरं होईन."

आता झालं असं, की या प्रकरणानंतर कंपनीनं नियम कडक केला. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना दर मंगळवारी पुण्याहून थेट फोन करायचा, म्हणजे संस्थेला खोट्या भेटी दाखवता येणार नाहीत. पहिल्याच मंगळवारी वामनरावांचा फोन वाजला.

"नमस्कार, मी करिष्मा बोलतेय. तानुबाई आहेत का?"

वामनराव ओरडायलाच निघाले होते. पण तानुबाईला नावानं विचारणारा फोन या घरात सहा महिन्यांत आला नव्हता. खरं तर त्याच्या आधीच्या तीन वर्षांतही नाही.

"नाई," ते म्हणाले.

"तुम्ही घरचेच ना? त्यांना झोप लागते का?"

"झोप... लागली हाये."

"आणि जेवण?"

"जेवत नाई."

"अरे. काय आवडतं त्यांना?"

वामनराव खाली बसले. "कन्या. ज्वारीच्या, ताकातल्या. वरून लसनाचं तेल लागे तिले. तेल कमी पडलं का ताट सरकवून दे..." पोरगी हं हं करत राहिली. अठरा मिनिटं झाली. पुढच्या मंगळवारी खरं सांगून टाकू, असं ठरवून त्यांनी फोन ठेवला. पुढच्या मंगळवारी करिष्मानं विचारलं, "त्यांना कशात रमायला आवडतं?" आणि त्यालाच बावीस मिनिटं गेली.

पोळा होऊन गेल्यावर मयुरी घरी आली. हातात भरलेला फॉर्म, चेहऱ्यावर आनंद.

"काका, तुमच्यामुळं नवा रकाना आला! हे पाहा, 'मयत'. इथं सही केली का फाईल बंद."

वामनरावांनी चष्मा लावला. या वेळी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. नाव बरोबर, वय बरोबर, तारीख बरोबर. एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी खिशातला पेन काढला, उघडला आणि टोपण परत लावलं.

"काई चुकलं का, काका?"

"चुकलं काईच नाई."

"मंग?"

"उद्या मंगळवार हाये," वामनराव दाराकडे बघत म्हणाले. "परवा ये."

तिसऱ्या सोमवारी तोच फॉर्म आणि तेच उत्तर. मयुरी दारातच उभी राहिली. "मांगच्या सोमवारी बी तुमी परवाच म्हनले होते. आन त्याच्या मांगच्या सोमवारी बी."

"मालूम हाये न तुले," वामनराव म्हणाले, "तं मंग दर सोमवारी काऊन येते?"