गेटकीपर यांचा रूट उघडण्याबाबत

विमलताई उरकुडे बावीस वर्षं रोज संध्याकाळी आमच्याकडे यायच्या आणि बावीस वर्षांत एकदाही घरात आल्या नाहीत. कोहक्यातल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर समोरच्या ओळीत, तिसरं. यायचं, फाटकाबाहेर उभं राहायचं, पर्स काखेत धरायची आणि म्हणायचं, "बसत नाही सुनंदा, घाईत आहो." त्यानंतर तासभर बोलायचं. या घाईपायी माझं किती वेळा दूध उतू गेलं आणि किती वेळा वरण खाली लागलं याला गणती नाही.

त्यांची सगळी नोकरी इथल्या पोलादाच्या प्लांटच्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये गेली. म्हणजे माणसांच्या रजा, बदल्या, बढत्या यांचे कागद. कागदावर नसलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. "तोंडी काही नाही, लेखी द्या," हे त्यांचं आवडतं वाक्य. दूधवाला दोन दिवस गावी जाणार म्हणाला तर त्याच्याकडून त्यांनी रजेचा अर्ज घेतला आणि वर 'मंजूर' लिहून सही केली. पण आमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा वर्षभर बंद होता, तो त्यांच्या पाचव्या रिमाइंडरला लागला, हेही खरं. "कागद फिरला पायजे, काम होतेच," असं त्या म्हणायच्या आणि ते व्हायचंच.

लग्न त्यांनी केलं नाही. वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून प्लांटमध्ये आलेले. ते गेले तेव्हा विमलताई एकवीस वर्षांच्या. वडिलांच्या जागी नोकरी लागली, आणि मग दोन भाऊ आणि एक बहीण यांची शिक्षणं, लग्नं, बाळंतपणं. गल्लीतल्या कार्यातही गुलाबदाणी हमखास त्यांच्याच हातात. मांडवाच्या दारात उभ्या राहायच्या, आलेल्या माणसाला नावाने हाक मारून आत पाठवायच्या आणि जेवणाच्या वेळी घाईत निघून जायच्या. पंगतीत बसलेल्या त्या मला आठवत नाहीत.

तर अशा या विमलताई रिटायर झाल्यावर एका संध्याकाळी फाटकावर आल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, मी राजपुत्राले नाही म्हणून आली."

मी आधी आत जाऊन गॅस बंद केला.

झालं होतं असं, की रायपूरच्या भाचीने मावशीचा वेळ जावा म्हणून त्यांच्या फोनवर एक गेम टाकून दिला होता. अशा गेमला ओटोमे म्हणतात, हे मला विमलताईंनीच शिकवलं. त्यात आपण नायिका. राजवाड्यात राहायला आलेली एक मुलगी, आणि तिच्यावर जीव टाकणारे चार पुरुष: राजपुत्र, सेनापती, राजवैद्य आणि एक परदेशी व्यापारी. यांतला एक निवडायचा. त्याच्याबरोबरची जी गोष्ट चालते तिला त्याचा रूट म्हणायचं. अधूनमधून गेम आपल्याला विचारतो की आता काय बोलशील, आणि दोन-तीन उत्तरं समोर ठेवतो. बरोबर उत्तरं देत गेलं की शेवट गोड, नाहीतर कडू. गेम इंग्रजीत होता आणि मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे अडलेल्या शब्दासाठी त्या माझ्याकडे यायच्या. म्हणजे फाटकाशी.

"तो म्हणते, तुझ्यासाठी मी गादी सोडतो," विमलताई सांगत होत्या. "बाप्पा! परमनंट नोकरी होय ते! सोडून कराल काय? मी सिध्धं नाही म्हटलं."

राजपुत्र घोड्यावर बसून बर्फात निघून गेला आणि पडद्यावर 'दुःखद शेवट' अशी अक्षरं आली. विमलताईंना ते काही केल्या पटेना. "दुःखद कावून? गादी वाचली ना त्याची!"

सेनापतीच्या खांद्याला बाण लागला. उत्तरं तीन होती: त्याचा हात हातात घे, रड, किंवा राजाला कळव. विमलताईंनी राजाला कळवलं. "इंजुरी रिपोर्ट पहिले. नाही भरला तं पुढं लफडं होते. हात काय, मंग धरता येते." सेनापतीने पुन्हा नायिकेचं तोंड पाहिलं नाही. राजवैद्य नायिकेच्या डोळ्यांवर पाच मिनिटं बोलायचा, तर विमलताई फोनकडे बघून म्हणायच्या, "कामाचं बोल ना बाबू, शिफ्ट सुटून राहिली."

शेवटी भाचीने फोनवर समजावलं की मावशी, इथे नियम वेगळे आहेत, इथे लाजायचं असतं. नियम आहे म्हटल्यावर विमलताई तो पाळणारच. त्यांनी प्रत्येक पुरुषाची वेगळी फाइल उघडली, कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर चाललं ते लिहून काढलं, आणि तीन महिन्यांत त्यांची चार लग्नं लागली. प्रत्येक लग्न मला फाटकावर बदलीच्या ऑर्डरसारखं कळवलं गेलं. माझा नवरा ड्यूटीवरून येताना स्कूटर ढकलत विचारायचा, "विमलताई, आज कोणाशी?" आणि त्या जराही न लाजता नाव सांगायच्या.

चौथ्या लग्नानंतर मात्र त्या उदास दिसल्या.

"चौघंही आपापलंच बोलतेत," त्या म्हणाल्या. "त्यातला एक माणूस चांगला आहे, पण त्याचा रूटच नाही."

हा माणूस म्हणजे राजवाड्याचा गेटकीपर. हातात कंदील, अंगावर राखाडी कोट, वय चाळिशीच्या पुढचं. नायिका बाहेर निघाली की तो दार उघडायचा आणि एकच वाक्य बोलायचा, "पायरी पाहून जा." चारही रूटमध्ये हे एवढंच. त्याला नावही दिलेलं नव्हतं.

"सकाळी हाच, दुपारी हाच, बर्फातही हाच," विमलताई तावातावाने म्हणाल्या. "ए, बी, सी, तिन्ही शिफ्टा एकटा करून राहिला. याचा रिलीव्हर कुठं आहे? आन् अव, साऱ्या राजवाड्यात कामाची गोष्ट हाच एक बोलते. पायरी पाहून जा. बाकीचे नुसते चंद्र दाखवतेत."

मी म्हटलं, "विमलताई, तो नुसता दार उघडण्यापुरता ठेवलाय. त्याची गोष्ट नसते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाची तरी फाइल हरवली आहे. "कोण म्हणते नसते? लेखी दाखव."

दुसऱ्या दिवशी त्या अर्ज घेऊन आल्या. इंग्रजी पक्कं सरकारी, मी फक्त दोन स्पेलिंगं दुरुस्त केली. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता: 'विषय: गेटकीपर यांचा रूट उघडण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर कर्मचारी चारही रूटमध्ये विनातक्रार व विनारजा सेवा बजावीत असून त्यांस अद्याप नाव देण्यात आलेले नाही. त्यांच्या प्रकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' खाली सही, आणि 'सेवानिवृत्त' हा शब्द.

हा कागद त्यांनी गेममधल्या 'आम्हाला लिहा' या खिडकीतून पाठवला. पाच सेकंदांत उत्तर आलं: आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार, आपला क्रमांक अमुक. असं उत्तर यंत्र सगळ्यांनाच पाठवतं, हे मला माहीत होतं. विमलताईंचा चेहरा मात्र फुलला. "पोचपावती आली! आवक क्रमांकासहित!"

एकदा क्रमांक मिळाला की विमलताई काय करतात, हे त्या कंपनीला कळायचं होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला रिमाइंडर जाऊ लागला. तिसऱ्या रिमाइंडरसोबत सह्यांचं निवेदन गेलं. त्यावर वैशाली नगरच्या बागेत सकाळी फिरणाऱ्या अकरा बायकांच्या सह्या होत्या. त्यांतल्या दहा जणींना गेम म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. गेटकीपरला रजा मिळत नाही एवढंच कळलं होतं आणि तेवढ्यावर त्या पेटल्या होत्या. अकरावी माझी सही. पाचव्या रिमाइंडरच्या वेळी मी म्हटलं, "ताई, आता सोडा. तो खरा माणूस नाही."

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "मी का पागल आहो? पण कोणीतरी त्याले काढला ना कागदावर? मंग काढून दारात उभा करून विसरून गेले. हे बरोबर नाही, सुनंदा."

त्या दिवशी त्या तासभर थांबल्या नाहीत. खरोखरच लवकर गेल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला, सातव्या रिमाइंडरनंतर, भर दुपारी विमलताई गल्लीतून जवळजवळ पळत आल्या. चष्मा डोक्यावर, फोन हातात, दुसऱ्या हातात पेढ्यांचा डबा. "मंजूर!" त्या ओरडल्या. "केस मंजूर!"

खरंच मंजूर झाली होती. गेम अपडेट झाला होता आणि त्यात पाचवा रूट होता. सोबत कंपनीतल्या कुणा मुलीचं पत्र. तिने लिहिलं होतं, की आम्ही अगदी थोडी माणसं आहोत, तुमचं पत्र महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळे मिळून वाचतो, सहानुभूतीपूर्वक विचार केला आहे. विमलताईंनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. माझा नवरा बाहेर आला, त्याने त्यांना कडक सलाम ठोकला. बागेतल्या बायकांना पेढे गेले, दूधवाल्याला गेले, दिव्याच्या खांबाखाली बसणाऱ्या भाजीवालीला गेले. लग्न कोणाचं असं तिने विचारलं, तर विमलताई म्हणाल्या, "लग्न नाही, प्रमोशन होय."

तो रूट त्यांनी पुरवून पुरवून खेळला. रोज एक प्रकरण, आमच्या फाटकाशी उभं राहून, मोठ्याने. मीही आतल्या बाजूला उभी राहून ऐकायचे. वरण खाली लागायचं, लागू दे म्हणायचे. गेटकीपरला आता नाव मिळालं होतं, त्याला बासरी वाजवता येत होती, आणि एकदा पायरी चुकून त्याची आई पडली होती म्हणून तो सगळ्यांना जपायला सांगायचा.

शेवटचं प्रकरण आलं त्या संध्याकाळी चांगली थंडी होती. विमलताईंनी कानाला मफलर गुंडाळलेला. गोष्टीतही बर्फ पडत होता. नायिका राजवाड्याच्या आवारातल्या आपल्या घराच्या दाराशी आली, सोबत आलेल्या गेटकीपरने कंदील वर धरला आणि म्हणाला, "पायरी पाहून जा." मग पडद्यावर तीन उत्तरं आली: 'धन्यवाद', 'उद्या भेटू', आणि 'थंडी आहे, आत या, बसा'.

विमलताईंचं बोट फोनवर थांबलं. गादी असो की सेनापती, त्यांनी कधी दोन सेकंदांच्या वर घेतले नव्हते. आता पुरतं मिनिट गेलं. "सुनंदा," त्या हळूच म्हणाल्या, "याले आजपर्यंत आत ये असं कोणी म्हटलंच नाही, अव."

मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. हात फाटकाच्या कडीवर होता आणि कडी लागलेली होती. बावीस वर्षं मी या बाईला रोज 'या ना' म्हटलं होतं, आणि त्यांच्यासाठी एकदाही कडी काढली नव्हती. त्यांना घाई असते, हे मी किती सोयीने मान्य करून टाकलं होतं. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं; घाई कसली असणार होती? मला मनापासून लाज वाटली.

विमलताईंनी तिसऱ्या उत्तरावर बोट ठेवलं. गेटकीपरने कंदील खाली ठेवला, कोटावरचा बर्फ झटकला आणि आत आला. शेकोटीजवळ बसला. 'सुखद शेवट' अशी अक्षरं आली आणि विमलताईंनी चष्मा काढून मफलरने डोळे पुसले. मग हसल्या. जिंकलेल्या माणसाचं हसू होतं ते.

मी कडी काढली आणि फाटक सताड उघडलं.

"विमलताई, थंडी आहे. आत या, बसा."

"बसत नाही, घाईत..." त्या सवयीने म्हणाल्या आणि थांबल्या. हातातल्या फोनकडे पाहिलं, उघड्या फाटकाकडे पाहिलं. पर्स काखेतून काढून हातात घेतली. चपला फाटकाशीच काढायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, वर काढा, व्हरांड्यात.

आमच्या व्हरांड्याची पायरी जरा उंच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ती माहीत आहे. विमलताईंना कशी माहीत असणार? मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "पायरी पाहून या."

त्या चढल्या, आत आल्या, खिडकीजवळच्या खुर्चीत टेकून बसल्या आणि मफलर सोडून मांडीवर ठेवला.

"च्या टाक, सुनंदा," त्या म्हणाल्या. "मले घाई नाही."